खेळाडूची किंमत

बर्फावरची हॉकी हा कॅनडा-अमेरिकेतला लाडका खेळ. कोणता खेळाडू किती मोलाचा, कोणाला सोडून संघाने चूक केली, यावर तिथले शौकीन तासन्‌तास भांडतात. डेट्रॉईटचा टेड लिंडसे १९५७ साली ऐन भरात होता. मालक पेन्शनचा हिशेब दाखवेनात, म्हणून त्याने सहकाऱ्यांसह खेळाडूंची संघटना काढली. त्याच वर्षी त्याला तळाला असलेल्या शिकागो संघाकडे धाडले. संघटनाही मोडली. १९६७ साली मात्र खेळाडू पुन्हा संघटित झाले. आज करारांचे नियम मालकांना त्यांच्या संघटनेशी बोलूनच ठरवावे लागतात.

संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा संप घडवला, तो उगीच नव्हे. बंधू-भगिनींनो, युनियनची वर्गणी भरताना हात आखडू नका. जयभीम!