टक्केवारीतला प्रतिकार : युद्धखेळांना लिडित्से का दिसत नाही

#थ्रेड

१/ दुसऱ्या महायुद्धावरील ‘हार्ट्स ऑफ आयर्न फोर’ या खेळात देश जिंकण्यापेक्षा तो सांभाळणे अधिक कंटाळवाणे असते. व्यापलेल्या प्रदेशावर दोन आकडे उमटतात. एक प्रतिकाराचा, दुसरा ‘कंप्लायन्स’चा, म्हणजे जनतेच्या मुकाट मान्यतेचा. पहिला वाढला की कारखान्यांत घातपात होतात, शिबंदीतली माणसे आणि शस्त्रे घटतात. उपायही ठरलेला असतो : स्वस्तातले घोडदळ, त्याला लष्करी पोलिसांची जोड. एवढे करून खेळाडू पुढच्या आघाडीकडे वळतो.

२/ २०२० च्या ‘ला रेझिस्तांस’ या विस्ताराने आणलेली ही रचना अगदीच उथळ म्हणता येत नाही. विशेषतः मान्यतेचा आकडा इतिहासाला धरून आहे. व्याप्त युरोपातील बहुसंख्य लोक जंगलात बंदूक घेऊन गेले नव्हते. ते सकाळी कामावर जात होते. हे कटू सत्य अनेक चित्रपटांपेक्षा या खेळाने अधिक प्रामाणिकपणे मांडले आहे.

३/ खेळ चुकतो तो दुसऱ्याच ठिकाणी. त्याच्या लेखी प्रतिकाराची किंमत केवळ आक्रमक मोजतो. प्रत्यक्षात भूमिगतांपुढचा सर्वांत मोठा प्रश्न ‘शत्रूचे किती नुकसान होईल’ हा नव्हताच. ‘त्याबद्दल आपली किती माणसे मारली जातील, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा’ हा होता. १९४२ चे प्राग हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

४/ सप्टेंबर १९४१ मध्ये राइनहार्ड हायड्रिख बोहेमिया-मोराव्हियाचा कारभारी म्हणून प्रागमध्ये आला. आल्या आल्या त्याने आणीबाणी लादून शेकडो लोकांना मृत्युदंड दिला. त्याच वेळी शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील कामगारांचा शिधा वाढवला, त्यांना बूट वाटले. खेळाच्या भाषेत, त्याने एक आकडा खाली दाबला आणि दुसरा वर चढवला. झेक कारखाने जर्मनीसाठी सुरळीत चालत राहिले.

५/ लंडनमधील एडवर्ड बेनेश यांच्या निर्वासित सरकारला हीच शांतता बोचत होती. १९३८ च्या म्युनिक कराराने त्यांच्या देशाचे लचके तोडले होते आणि ब्रिटनने तो करार अद्याप झटकलेला नव्हता. मायदेश असाच निमूट राहिला, तर उद्याच्या तहाच्या मेजावर बेनेश यांचे ऐकणार कोण? डिसेंबर १९४१ च्या अखेरीस योझेफ गाब्चिक आणि यान कुबिश हे दोन सैनिक विमानातून छत्रीने उतरवण्यात आले.

६/ आता थ्रेडमधला सर्वांत महत्त्वाचा दुवा. मे १९४२ मध्ये मायदेशातील भूमिगत नेत्यांना या दोघांच्या कामगिरीचा सुगावा लागला आणि त्यांनी बिनतारी संदेशाने लंडनला कळवले की ही हत्या थांबवा. सूड भयंकर असेल, उरलीसुरली संघटना नष्ट होईल. मारायचेच असेल तर एखादा स्थानिक सहकारी निवडा. म्हणजे प्रतिकार करणारेच प्रतिकाराच्या कृतीला विरोध करत होते. कामगिरी रद्द झाली नाही.

७/ २७ मे १९४२. प्रागच्या लिबेन्य भागातील वळणावर गाब्चिकची स्टेनगन ऐनवेळी अडकली. कुबिशने बाँब टाकला. ४ जूनला हायड्रिख मेला.

८/ ९ जूनच्या रात्री लिडित्से गावाला वेढा पडला. गावाचा हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी एका शेतघराच्या भिंतीपाशी १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रिया राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत गेल्या, ८२ मुले खेल्म्नो येथे विषारी वायूने मारली गेली. गाव जाळून, सुरुंग लावून सपाट करण्यात आले. दोन आठवड्यांनी लेझाकी या वस्तीचीही तीच गत झाली. दरम्यान करेल चुर्दा या त्यांच्याच छत्रीधारी सहकाऱ्याने फितुरी केली आणि १८ जूनला प्रागच्या एका चर्चमध्ये वेढले गेलेले सातही सैनिक लढता लढता संपले.

९/ खेळाच्या गणितात अशा यशस्वी हल्ल्यानंतर प्रतिकाराचा आकडा वर जायला हवा. इतिहासात झेक भूमिगत संघटना जवळजवळ मोडून पडली. आणि तरीही कामगिरी फसली असे म्हणता येत नाही. ५ ऑगस्ट १९४२ रोजी ब्रिटनने म्युनिक करार आपल्याला बांधील नसल्याचे कळवले. त्यासाठीची बोलणी आधीपासून चालू होती, पण हत्येने आणि लिडित्सेने बेनेश यांच्या मागणीला जे वजन दिले, ते एखादा कारखाना उडवून मिळाले नसते. राजकीय लाभ लंडनमध्ये जमा झाला, खर्च लिडित्सेच्या नावे पडला. निर्वासित सरकारच्या ‘वैधते’चा आकडाही या खेळात आहे; तो वाढवताना मायदेशातले गाव मात्र पणाला लागत नाही.

१०/ सर्बियात हाच प्रश्न दोन गटांनी उलट सोडवला. तेथे एका मृत जर्मन सैनिकामागे १०० आणि जखमीमागे ५० माणसे मारण्याचा जर्मन हुकूम होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये क्रागुयेवाच येथे सुमारे २,८०० लोक मारले गेले. त्यांत शाळकरी मुलेही होती. मिहायलोविच यांच्या चेटनिकांनी यातून धडा घेतला तो थांबण्याचा : दोस्त सैन्य जवळ येईपर्यंत बळ राखा. टिटो यांच्या पार्टिझानांनी लढा चालूच ठेवला; जळालेल्या गावांतून नवे सैनिक त्यांना मिळत गेले. त्याच वर्षअखेर हे दोन गट एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. एका प्रदेशाला प्रतिकाराचा एकच आकडा देणाऱ्या खेळात हा संघर्ष मावणार कुठे?

११/ यावर एक आक्षेप रास्त आहे. अत्याचारांची कळ खेळाडूच्या हाती दिली, तर तो ‘सर्वांत फायदेशीर कत्तल’ शोधू लागेल. नरसंहार खेळात आणायचा नाही, हे निर्मात्यांचे धोरण म्हणूनच योग्य ठरते. पण मग ‘क्रूर दडपशाही’ नावाचा कायदा खेळातल्या यादीत कसा? तो निवडला की प्रतिकार दबतो, मान्यता मंदावते, बस्स. कत्तलीचे नाव न घेता तिचा लाभ तेवढा आकड्यांत दाखवणे, हे मौन पाळण्याहून वाईट.

१२/ आक्रमकाच्या हाती नवी कळ न देताही हे दाखवता येईल. चार्ल्स विद्यापीठ आणि झेक विज्ञान अकादमीच्या ‘अटेंटाट १९४२’ या २०१७ च्या खेळात हायड्रिखच्या हत्येनंतर आजोबांना अटक का झाली, हे नातवंड म्हाताऱ्या साक्षीदारांना विचारत फिरते. तो व्यूहरचनेचा खेळ नव्हे. पण व्यूहरचनेच्या खेळातही निर्वासित सरकार चालवणाऱ्याच्या पडद्यावर, हेराला कामगिरीवर धाडल्यानंतर, मायदेशाहून एक संदेश येऊ शकतो : थांबवा. खाली दोन पर्याय. कोणताही निवडला तरी वैधता, संघटना आणि माणसे यांपैकी काहीतरी जाईल, आणि जे जाईल त्याचे नाव नकाशावर लिहिलेले असेल.