'पहिल्यासारखं नाही राहिलं!'

एखादा गायक किंवा गिटारवाला आपला बँड सोडतो, काही महिने गप्प बसतो आणि मग एकट्याच्या नावावर अल्बम काढतो. अल्बम बाहेर पडल्यापासून चोवीस तासांच्या आत आपल्या हॉस्टेलवर त्याचा निकाल जाहीर झालेला असतो. परीक्षेच्या निकालाची वाट बघण्यात महिने घालवणारी आपली पोरं हे काम मात्र एका रात्रीत उरकतात! आणि निकाल बहुतेक वेळा ठरलेला असतो. "पहिल्यासारखं नाही राहिलं यार."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. अल्बम आवडला नाही असं म्हणायला माझी काहीच हरकत नाही. पण "पहिल्यासारखं नाही" हा दोष कसा काय झाला? पहिल्यासारखंच करायचं असतं तर बिचाऱ्याने बँड सोडला कशाला असता?

ताजं उदाहरण तुम्हा सर्वांना माहीत आहे. 'द लोकल ट्रेन' हे नाव ऐकून मुंबईची गर्दी आठवत असली तरी हा बँड चंदीगडकडचा. 'आलस का पेड' (२०१५) आणि 'वाकिफ' (२०१८) हे त्यांचे दोन अल्बम आपल्या हॉस्टेलच्या भिंतींनासुद्धा पाठ झाले असतील. २०२२ मध्ये त्यांचा गायक रमण नेगी बँडमधून बाहेर पडला आणि त्याने 'शख्सियत' हा स्वतःचा अल्बम काढला. तेव्हापासून मेसच्या टेबलावर हा वाद मी कितीदा ऐकला असेल त्याची गणती नाही.

या वादात फॅन मंडळींच्या तीन जाती दिसतात. पहिली जात भक्तांची. त्याने शिंक दिली तरी यांना ती सुरात वाटते. दुसरी जात श्राद्धवाल्यांची. बँड फुटला त्या दिवसापासून हे सुतकात आहेत आणि नवीन गाणं लागलं की जुन्याची आठवण काढून हळहळतात. तिसरी जात तज्ज्ञांची. यांनी अल्बम ऐकलेलाच नसतो, पण कोणत्या गाण्यात बास कमी पडला हे यांना बरोब्बर माहीत असतं! गंमत म्हणजे तिन्ही जातींत एक गोष्ट समान आहे. समोर जे वाजतंय ते ऐकायला कोणी तयार नाही.

हा प्रकार आजचा नव्हे. मी स्वतः हॉस्टेलवर होतो तेव्हा आमचा लाडका बँड होता मुंबईचा 'झिरो'. इंग्रजी गाणी, मस्तीखोर शब्द आणि वॉरन मेंडोन्साची गिटार. २००५ मध्ये त्यांचा 'हुक' आला होता. मग २००७ मध्ये याच वॉरनने 'ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज' या नावाने स्वतःचा पहिला अल्बम काढला, 'नाइट्स इन शायनिंग कर्मा'. मुंबईच्या एका पोराने तो मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीत आणला. सीडीवरून कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर असा दोन दिवसांत तो सगळ्या मजल्यांवर पोचला.

आणि सगळे गार पडले. कारण त्यात शब्दच नव्हते. नुसती वाद्यं! "गाणारा कुठाय?" हा पहिला प्रश्न. "मेल्या, दूरदर्शनवर 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी लागली की वाजायचं तसलं आहे हे," असं आमच्या मजल्यावरच्या एका लांजेकराने जाहीर केलं. ज्यांना गिटार शिकायची होती ते तीन-चार जण तेवढे चिकटून राहिले. त्यांच्या खोलीत रात्री ते वाजत असायचं आणि सबमिशनच्या काळात, फाइली पुऱ्या करताना, हळूहळू बाकीचे त्या खोलीत येऊन बसायला लागले. कोणी "आम्हाला आता आवडायला लागलं" असं कबूल वगैरे केलं नाही. हॉस्टेलमध्ये असं कोणी कबूल करत नसतं. पण बंद कर असंही कोणी म्हणेना.

वॉरन मेंडोन्सा तिथेच थांबला नाही. २००९, २०१२, २०१७ असे त्याचे अल्बम येत राहिले. आज गिटार शिकणाऱ्या कितीतरी पोरांना तो 'ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज'वाला म्हणूनच माहीत आहे. 'झिरो' हे नाव त्यांना नंतर कळतं.

आता एकट्याचा अल्बम वेगळा का वाजतो, याचा जरा विचार करू. बँड म्हणजे एकत्र कुटुंब. गायकाला गाणं लांबवायचं असतं तर ड्रमर म्हणतो आता पुरे. गिटारवाल्याला सोलो हवा असतो, बासवाल्याला तो नको असतो. चौघांच्या ओढाताणीतून जे उरतं त्याला आपण 'बँडचा आवाज' म्हणतो. त्यातला एक बाहेर पडला की ओढणारे हात कमी होतात. मग त्याच्या मनात जे वर्षानुवर्षं दबून राहिलेलं असतं ते बाहेर येतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. बीटल्स फुटले त्या १९७० सालीच पॉल मॅकार्टनीने स्वतःच्या नावाने अल्बम काढला आणि त्यातली जवळजवळ सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली. काहीसा कच्चा, घरगुती. तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. आज तोच घरगुतीपणा लोक कौतुकाने ऐकतात.

आणि बँड फुटणं हे आपल्याकडे परदेशातून आलेलं फॅड आहे असं समजू नका. आपल्या नाटक मंडळ्या काय कमी फुटल्या? १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे टेंबे तिथूनही बाहेर पडले. १९१८ साली मास्टर दीनानाथांनी किर्लोस्कर सोडून सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. दीनानाथांची झपाट्याची, आक्रमक गायकी म्हणजे बालगंधर्वांच्या गोडव्याच्या अगदी उलट टोक. तेव्हाच्या रसिकांनी "बालगंधर्वांसारखं नाही" म्हणून कानावर हात ठेवले असते तर मराठी रंगभूमीचा केवढा तोटा झाला असता! आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिहिलेलं 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली रंगमंचावर आणलं ते याच बळवंत मंडळीने.

तरीसुद्धा मला श्राद्धवाल्यांचा राग येत नाही. त्यांचं दुखणं मला समजतं. एखादं गाणं तुम्ही फर्स्ट इयरला ऐकलेलं असतं. घर पहिल्यांदा सुटलेलं, बाहेर धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत, मॅथ्समध्ये केटी लागणार हे दिसतंय, आणि खोलीतला कोणी तरी ते गाणं लावतो. ते गाणं मग नुसतं गाणं राहत नाही. त्या पावसासकट आणि त्या पार्टनरसकट ते आत जाऊन बसतं. चार वर्षांनी त्याच गायकाचा नवा अल्बम येतो तेव्हा आपण त्याच्याकडे गाणं मागत नसतोच. आपण आपलं फर्स्ट इयर परत मागत असतो. ते देणं त्या बिचाऱ्याच्या हातात आहे का?

मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर असल्यामुळे एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. गॅदरिंगला माइक चुकून स्पीकरसमोर गेला की कुंईऽऽ असा कान फाडणारा आवाज येतो. त्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात, हे सेकंड इयरवाल्यांना तरी आठवावं. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये जातो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा माइकमध्ये जातो. होता होता एकच सूर वाढत राहतो आणि बाकी सगळं त्यात बुडून जातं. "तेच वाजव, तेच वाजव" असं ओरडणारे फॅन कलाकाराचं नेमकं हेच करतात.

इथे कोणी म्हणेल, सर, नवीन म्हणजे चांगलंच असतं असं थोडंच आहे? अगदी बरोबर. बँडमधल्या बाकीच्या तिघांची किंमत कळावी असे एकट्याचे अल्बमही भरपूर निघतात. ते ऐकावे आणि खुशाल नावं ठेवावीत. पण नावं त्या गाण्याला ठेवा. "या गाण्याला शेवट सापडलेला नाही" हे मत झालं. "पहिल्यासारखं नाही" हे मत नव्हे, ती नुसती हजेरी झाली.

आता मुद्द्याचं. हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण रमण नेगी नाही. त्याला ऐकणारे देशभर आहेत, आपल्या हॉस्टेलवाचून त्याचं काही अडणार नाही. कारण आपल्याच कॉलेजात आहे. दोन वर्षांमागे आपल्या गॅदरिंगला एका मुलाने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं मराठी गाणं गिटारवर सुरू केलं. आदल्या वर्षी तो कॉलेजच्या बँडमध्ये होता आणि हिट गाण्यांवर सगळ्यांना नाचवून गेला होता. या वेळी एकटा उभा होता. पहिलं कडवं संपायच्या आत मागून 'झिंगाट'ची फर्माईश सुरू झाली. त्याने हसून गाणं अर्ध्यावर सोडलं आणि 'झिंगाट' वाजवलं. टाळ्या कडकडून पडल्या. त्यानंतर त्याने स्वतःचं गाणं स्टेजवर वाजवलेलं मी तरी ऐकलं नाही. त्या गाण्याचं दुसरं कडवं काय होतं, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

ही सवय मोडता येते. मुंबईत १९८०च्या दशकात इंग्रजी रॉक वाजवणारे बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकलांवरच चालायचे. 'रॉक मशीन'ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि हळूहळू लोकांना ऐकायला लावलं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचं नावसुद्धा बदलून 'इंडस क्रीड' केलं. आणि तितकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यात गणपतीच्या दिवसांत शक्ती-तुऱ्याचा सामना बघितलाय का कोणी? तिथे शाहिराने नवं रचून आणायचं असतं, समोरच्याच्या सवालाला त्याच्यापाशी जवाब असावा लागतो. नुसत्या गेल्या वर्षीच्या गाण्यावर भागवू म्हटलं तर गावातली म्हातारी माणसंसुद्धा उठून चालती होतील. म्हणजे नवीन ऐकायची खोड आपल्या मातीतच आहे. इंजिनियरिंगला आल्यावर ती जाते कुठे, हा प्रश्न आहे.

म्हणून दोन सूचना करतो.

पहिली श्रोत्यांसाठी. मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायच्या हिशेबात एखादं गाणं निदान ३० सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' असं धरतात. त्याआधी अंगठा मारून पुढे गेलात तर कलाकाराच्या खात्यात तुम्ही आलातच नाही. चित्रपटाचा आधार नसलेल्या माणसाला हे फार महाग पडतं. तेव्हा नवा अल्बम आला की तो एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न ढकलता ऐका. भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन ऐका, खोलीत पडून ऐका, कसंही. दोन दिवसांनी पुन्हा एकदा ऐका. मग काय हवा तो निकाल लावा.

दुसरी सूचना गॅदरिंगच्या समितीला. बँडच्या स्पर्धेत प्रत्येकाने निदान एक गाणं स्वतःचं वाजवलंच पाहिजे असा नियम करा आणि शंभरातले चाळीस गुण त्या एका गाण्याला ठेवा. ते वाजत असताना फर्माईश करणाऱ्याला पुढच्या रांगेत आणून बसवा. त्याला पळायला जागा राहणार नाही, आणि कोणी सांगावं, त्याला गाणं आवडूनही जाईल!

त्या मुलाचं हे शेवटचं वर्ष आहे. समितीने नियम केलाच, तर त्याचं नाव यादीत पहिलं लिहा. दुसरं कडवं ऐकायचं राहिलंय.