बहुमताची आई
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांनी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली आणि मलाही लिहिण्याची हौस आली. परंतु हौस निराळी आणि कोऱ्या कागदासमोर बसणे निराळे. दोन रात्री कागद कोराच राहिला. तिसऱ्या दिवशी मी सोपा मार्ग धरला. मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘माझी आई’ या विषयावर लेख लिहायला सांगितला. अर्ध्या मिनिटात लेख तयार! भाषा इतकी गोड, की आपल्याला असे कधी जमेल हे स्वप्नातही वाटू नये.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती, तेव्हा मी तो लेख तिला वाचून दाखविला. लेखातली आई पहाटे जात्यावर ओव्या गात होती, पदराने डोळे टिपत होती, स्वतः उपाशी राहून लेकरांना घास भरवीत होती. आईने सगळे मन लावून ऐकले आणि विचारले, “चांगली बाई हाय. कुठल्या गावची गं?”

“अगं आई, ही तूच की!”

“मी? आपल्यात जातं हाय कुठं? दळण तर तूच चक्कीवर नेतीस. आन् मी रडत बसले आसते, तर तुजं कालेज झालं आसतं व्हय?”

मला आधी हसू आले आणि मग लाज वाटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. जिने मला ती चढविली तिच्यावरचा लेख, आणि त्यात तीच नाही!

असे का झाले, याचा मी विचार करू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशी कितीतरी यंत्रे हातोहाती आली. या यंत्रांना माणसांनी लिहिलेल्या मजकुराचे अफाट ढीग पुरविलेले असतात. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे, हे त्या ढिगावरून यंत्र शिकते आणि त्या अंदाजाने वाक्य पुढे नेते. मराठीत आईबद्दल पुष्कळांनी जे लिहिले, तेच माझ्या मोबाईलवर उतरले. ती बहुमताची आई होती. माझी आई अल्पमतात आहे.

माझी आई रोजाने खुरपणीला जाते. तिला अक्षर येत नाही. कामाचा एकेक दिवस ती चुलीतल्या कोळशाने भिंतीवर रेघ ओढून मांडते. एकदा मुकादमाने चार दिवसांची हजेरी कमी धरली. आईने त्याला घरी आणून भिंतीसमोर उभे केले, रेघा मोजायला लावल्या आणि पैसे घेतले. ही भिंत यंत्राच्या ढिगात कोठून असणार? ती अजून कोणी लिहिलेलीच नव्हती.

मी यंत्राची शत्रू नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, इंग्रजी पत्राचा अर्थ काय, हे ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, त्यांना मोबाईल म्हणजे शिकलेला काकाच. तो उपकार मी विसरणार नाही. परंतु काकाने अर्ज भरून द्यावा. त्याने आपले मन भरून देऊ नये.

मनोरंजनाचेही तेच झाले आहे. काल एक विनोदी चित्रफीत पाहिली, की आज तशाच दहा समोर येतात. आपण काय पाहिले, कोठे थांबलो, याचा हिशेब ठेवून पुढचे वाढणारी जी रीत आहे, तिलाच अल्गोरिदम म्हणतात. काल जे पानात संपले तेच आज पुन्हा वाढणारा हा वाढपी! पोट भरते, पण नवी चव कधी कळायची?

ती चव मला ग्रंथालयात कळली. मी परीक्षेचे मार्गदर्शक मागायला गेले होते. ते बाहेर गेले होते, म्हणून वेळ काढायला एक जुने पुस्तक उघडले, आणि त्यात मुक्ता साळवे भेटली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान! आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने उघड उघड मांडला. असे काही मी मोबाईलवर कधी शोधले नव्हते, म्हणून मोबाईलने ते कधी दाखविलेही नव्हते.

आता कल्पना करा, १८५५ साली असे यंत्र असते आणि तोवरचे सगळे मराठी लेखन त्याला पुरविले असते, तर त्याने मुक्ताचा निबंध लिहिला असता काय? माझ्या मते नाही. त्या ढिगात तिच्यासारख्या मुलीचा आवाजच नव्हता. तो तिने आणला. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि शेताची बोली मराठी कवितेत मानाने बसली. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हाही तेच घडले. जे ढिगात नव्हते, ते माणसाने जगून आणले. मी निर्मिती म्हणते ती हीच.

म्हणून वाचन हवे. केवळ गोड शब्द उचलण्यासाठी वाचायचे असेल, तर ते काम यंत्र आपल्याहून चांगले करते. आपल्यासारख्या कोणीतरी आपल्या आधी लिहिण्याचे धाडस केले आहे, हे कळण्यासाठी वाचायचे. मुक्ताचा निबंध वाचला नसता, तर भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा ‘साहित्य’ होऊ शकतात, हे मला सुचलेच नसते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी भिंत असेल. ती आपण लिहिली नाही, तर दुसरे कोण लिहिणार? उद्याची मुले ‘माझी आई’ म्हणून विचारतील, तेव्हाही त्यांना तीच जात्यावरची, पदराने डोळे टिपणारी बाई मिळेल, आणि आपल्या आया कोठेच नसतील.

मोबाईलमधला लेख मी पुसून टाकला आणि हा लिहिला. चार दिवस लागले, खाडाखोड पुष्कळ झाली. काल रात्री तो आईला वाचून दाखविला. मुकादमाची हकीकत येताच भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

“चार न्हाई,” ती म्हणाली, “पाच दिस व्हते. नीट लिव्ह.”