हस्तिदंतबंदी, ‘जुन्या’ वस्तू आणि भोकरदन

१/ हस्तिदंताच्या आयातबंदीतून ‘जुन्या’ कलावस्तू वगळाव्यात, अशी मागणी अधूनमधून होते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तिला पाठिंबा द्यावा, असे गृहीत धरले जाते. मला ती मान्य नाही.

२/ १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली. ती घडली कुठे, यावर बराच खल झाला.

३/ पुढे १९७०च्या दशकात मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी जालना जिल्ह्यातील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे उत्खनन केले. तिथे तिच्याशी जवळचे साम्य असलेली भग्न हस्तिदंती मूर्ती मिळाली. तेरलाही हस्तिदंती मूर्ती आहेच. पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, या मताला त्यातून बळ मिळाले. भोकरदनचा तो तुकडा एखाद्या दुकानातून आला असता, तर तो केवळ एक सुंदर तुकडा उरला असता.

४/ भारतात १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. व्यापाऱ्यांनी मग मॅमथचे दात पुढे केले: प्राणीच नामशेष, तर बंदी कशाला? २००३ मध्ये बलराम कुमावत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. योग्यच केले. कोरलेला दात मॅमथचा की हत्तीचा, हे नुसत्या नजरेने कोण सांगणार?

५/ ब्रिटनच्या २०१८च्या कायद्यात १९१८पूर्वीच्या, असाधारण मोलाच्या कलावस्तूंच्या विक्रीला मुभा आहे. संग्रहालयांसाठी वेगळी सवलत आहे. यातली दुसरी सवलत आपणही स्पष्ट शब्दांत द्यावी: प्रदर्शनासाठी, अभ्यासासाठी, उत्खननाची नोंद असलेल्या वस्तूंना. विक्रीची मुभा मात्र नको. तिथे वय आणि सौंदर्य पाहिले जाते; वस्तू कोणत्या थरातून निघाली, हे गिऱ्हाईक विचारत नाही.