सूर्य सर्वांचा, पण छप्पर कोणाचे?

बदलापूर पूर्वेच्या खरवईत एका रविवारी वंदना आटोपल्यावर विहारातच बैठक बसली. विषय होता लाईट बिलाचा. पंखा, फ्रिज आणि पाण्याची मोटर एवढ्यावरच बिल हजाराच्या पुढे जाते, ही सर्वांची तक्रार. त्यातच एका तरुणाने सौर योजनेचा कागद आणला. छतावर पॅनल बसवा आणि मोफत वीज मिळवा, असा तो मजकूर. आम्ही वकील म्हणून कागद आमच्या हाती आला. आम्ही तो वाचून दाखवला आणि विचारले, "छप्पर ज्यांच्या स्वतःच्या नावावर आहे त्यांनी हात वर करावा." दोन-तीनच हात वर आले. बाकीचे बंधू-भगिनी भाड्याच्या खोलीत, चाळीत, नाहीतर गच्ची अजून बिल्डरच्याच नावावर असलेल्या इमारतीत राहणारे. सौरऊर्जेचा सारा प्रश्न आम्हाला त्या वर न आलेल्या हातांत दिसला.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशाची किंमत सर्वात जास्त कोण मोजतो, हे आम्हाला ठाऊक आहे. २९२० मेगावॅटच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहणारा गरीब माणूस ती मोजतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राख शेतकऱ्यांच्या शेतात आणि ओढ्या-नाल्यांत गेली. ज्यांच्या घरात एअर कंडिशनर चालतो, त्यांच्या अंगणात ती आली नाही. हवामान बिघडले की पहिला फटकाही याच माणसाला बसतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. प्रवाशांची सुटका झाल्याची बातमी देशभर गेली. नदीकाठच्या वस्तीत भिजलेल्या धान्याची बातमी कोण देणार?

२१ मार्च २०२४ च्या एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे असे मान्य केले. यातील कलम १४ महत्त्वाचे. ते समतेचे कलम आहे. याचा अर्थ स्वच्छ ऊर्जेचा प्रश्न हा निव्वळ पर्यावरणाचा प्रश्न नाही, तो समतेचाही प्रश्न आहे.

आता सरकारच्या योजना पाहू. २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजना आणली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. २०२५ मध्ये राज्य सरकारने महिन्याला शंभर युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांसाठी वेगळी भर घातली. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० रुपये जादा. म्हणजे पन्नास हजारांच्या संचासाठी पहिल्याने अडीच हजार आणि दुसऱ्याने पाच हजार भरायचे. ही योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु हे अनुदान माणसाला मिळत नाही, छपराला मिळते! ज्याचे छप्पर नाही त्याच्यासाठी ते अडीच हजारही निरर्थक. उल्हासनगरातील अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या पट्ट्यातील घरांच्या कागदपत्रांची अवस्था कळते. १९६३ च्या मोफा कायद्याचे कलम ११ सांगते की बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून दिली पाहिजे. तरीही कित्येक सोसायट्यांचे अभिहस्तांतरण झालेले नाही. भाडेकरूचे तर नावच कुठे नाही. बंगलेवाल्याचे बिल शून्यावर येते, चाळीतला मजूर मात्र पूर्ण दराने पैसे भरत राहतो.

हे आजच घडते आहे असे नाही. खरवईकरांनी कर्जतच्या लोकलमध्ये बसून भिवपुरीकडे पाहावे. १९२२ पासून तेथे टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. वीज तयार झाल्यावर सुटणारे पाणी उल्हास नदीला मिळते आणि तेच पाणी पुढे बदलापूरच्या नळाला येते. पाण्यावरची वीजही अक्षय ऊर्जाच. पण याच टाटांच्या मुळशी धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, तरी धरण उभे राहिले आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिचा व्यवहार न्याय्य असतोच असे नाही.

हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ च्या धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न सर्वांपुढे ठेवला आणि ती विपुल व स्वस्तात स्वस्त मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. त्यांच्या दृष्टीने वीज हे दारिद्र्यातून बाहेर पडण्याचे साधन होते.

शहरात जो प्रश्न छपराचा, तोच गावात जमिनीचा. खरवईत राहणारे आमचे अनेक बांधव मराठवाड्यातून आलेले. त्यांच्या भावकीतील काहीजण आजही गावी गायरान कसतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची आठवण त्या जमिनीशी जोडलेली आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १९७८ ते १९९० दरम्यानची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, पण कित्येकांच्या नावे सातबारा अजून झालेला नाही. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शासकीय जमिनींबरोबर गायरानेही दिली जात आहेत. खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख, कंपनीला वीज खरेदीचा दीर्घ करार. मग पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्याला काय? त्याला अतिक्रमण काढण्याची नोटीस! सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले हे खरे. परंतु शासन निर्णयाने भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटीस काढणारे तो अपवाद सोयीने विसरतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की अनुदान छपराला नव्हे, वीजग्राहकाला द्यावे. दिल्लीत २०१९ पासून अशी सोय आहे की एका ठिकाणच्या सौर संचाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलात वळती होते. तीच पद्धत येथे राबवावी. खरवईच्या एमआयडीसीतील शेड, नगरपालिकेच्या शाळा, समाजमंदिरे यांची छपरे थोडी नाहीत. त्यांवरील विजेचा वाटा चाळीतील भाडेकरूच्या बिलात जमा करता येईल. तसेच गायरानधारकांचे प्रलंबित दावे निकाली काढल्याशिवाय तेथे पॅनलचा एकही खांब रोवू नये. कसणाऱ्याची संमती असेल तर भाडे त्यालाच द्यावे.

केवळ मागणी करून भागणार नाही. ज्यांचे छप्पर नावावर आहे त्यांनी आजच अर्ज करावा. सोसायट्यांनी मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे जावे. गावच्या भावांना कळवावे की गाव नमुना १-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या आणि पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवा. न्यायालयात तोंडी हकिगतीपेक्षा हेच कागद कामी येतात. सूर्य कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही. त्याच्या विजेत आपला वाटा मात्र आपल्यालाच मागून घ्यावा लागेल.