गर्दी मोजली कोणी?

‘व्हिडिओ गेमच्या संकेतस्थळांत अमुक पहिले, तमुकाचे दिवस भरले’ अशी चर्चा तुमच्या वर्गातही रंगत असेल. क्रमांक ऐकला की आपली पावले आपोआप तिकडे वळतात. पण ती गर्दी मोजली कोणी आणि कशी, हे विचारल्याशिवाय क्रमांकावर विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे.

आता असे पाहा. बदलापूरचे एक गृहस्थ महिन्यातून 25 दिवस लोकलने कल्याणला जातात व परत येतात. ते खिडकीवर मासिक पास काढतात. बदलापूरच्या खिडकीशी उभे राहून मोजणाऱ्याला ते महिन्यात एकदाच दिसतील. फलाटावर चढणारे-उतरणारे मोजणाऱ्याला मात्र 50 वेळा! दोन्ही मोजण्या खऱ्या. पण उत्तरे केवढी वेगळी!

संकेतस्थळाचेही तसेच आहे. उल्हासनगरच्या एका मुलाने खेळांचे एखादे स्थळ 50 वेळा उघडले, तर भेटी 50, माणूस एक. शिवाय मोजणारे यंत्र सहसा माणसाला ओळखत नाही. ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी खूण, म्हणजे ‘कुकी’, तेवढी ते ओळखते. तोच मुलगा घरच्या फोनवर आणि मित्राच्या संगणकावर खेळला, की एकाचे दोन होतात. उलट, एकाच संगणकावर दहा मुले आळीपाळीने खेळली, तर दहांचा एक होऊ शकतो.

दुसऱ्यांच्या स्थळांवरची गर्दी बाहेरून मोजणे तर याहून अवघड. 1996 साली सुरू झालेल्या ‘अलेक्सा इंटरनेट’ कंपनीची क्रमवारी जगभर प्रसिद्ध होती. तिचा हिशोब बराचसा अशा लोकांवर बेतलेला असे, ज्यांनी आपल्या संगणकात तिची पट्टी आपणहून बसवली होती. फोनवर खेळणारी मुले त्यात कशी यावीत? ही क्रमवारी 2022 च्या मे महिन्यात बंद झाली.

आणि गर्दी आटली म्हणजे खेळ वाईट झाला, असेही नव्हे. एके काळी ब्राउझरमधले असंख्य खेळ ‘फ्लॅश’ या तंत्रावर चालत. 2007 साली आलेल्या आयफोनने फ्लॅश स्वीकारलेच नाही. 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरमध्ये ते खेळ चालेनासे झाले. ज्यांनी आपले खेळ एचटीएमएल-5 या नव्या पद्धतीने पुन्हा बांधले, त्यांच्याकडे खेळणाऱ्यांची वाट मोकळी राहिली. स्थानकाचा पूल बंद झाला की पलीकडच्या दुकानाची गर्दी ओसरते. म्हणून दुकानातला माल काही बिघडलेला नसतो.

यात आपला काय संबंध, असे म्हणाल. फुकटच्या खेळांचा खर्च बहुधा जाहिरातींतून निघतो आणि जाहिराती गर्दीच्या मागे जातात. आपण निव्वळ क्रमांकामागे धावलो, तर एखाद्या लहान कारागिराचा उत्तम खेळ न खेळताच मरतो.

तेव्हा एक प्रयोग करा. गेल्या आठवड्यात कोण, कोठे, किती वेळा आणि किती मिनिटे खेळले, हे वर्गात विचारून लिहून घ्या. मुलांच्या संख्येने, भेटींच्या संख्येने आणि मिनिटांनी अशा तीन क्रमवाऱ्या लावा. तिन्हींत पहिला क्रमांक एकाचाच येतो का, ते पाहा. न आल्यास खरा पहिला कोण? उत्तर देण्याआधी प्रश्नच नीट विचारायला हवा, हे तुमच्या ध्यानात येईल.