फाटक आणि पालक

विद्यार्थी मित्रांनो, शाळेचे फाटक तुम्ही रोज पाहता. सकाळी त्यातून आत जाता आणि संध्याकाळी त्यातूनच घरी परतता. हे फाटक कशासाठी असते, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

फाटक मुलांच्या सुरक्षिततेसाठी असते, असे उत्तर कोणीही देईल. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. फाटक कोणाला अडवते आणि कोणाला आत घेते, हेही पाहिले पाहिजे. अनोळखी माणसाला अडवणारे फाटक हवेच. परंतु तेच फाटक आईबापांनाही बाहेर ठेवू लागले, तर मुलांची सुरक्षितता वाढण्याऐवजी कमी होते, असे माझे मत आहे. ते का, हे आपण पाहू.

पुण्यात गुलटेकडी भागात श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड आहे. बाकीचे शहर झोपेत असते, तेव्हा तेथे दिवस सुरू होतो. गावोगावचा भाजीपाला घेऊन ट्रक आणि टेम्पो येतात. हमाल पाठीवर पोती वाहतात. तोलणार वजन करतात. पहाटेच्या अंधारात लिलावाचे आवाज घुमू लागतात. भुसार बाजारात धान्य आणि गूळ यांची पोती दिवसभर चढत-उतरत असतात. या कष्टकऱ्यांची घरे आंबेडकरनगर, प्रेमनगर, बिबवेवाडी अशा आसपासच्या वस्त्यांत आहेत. त्यांची पुष्कळ मुले महानगरपालिकेच्या शाळांत शिकतात. पुणे महानगरपालिका मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा चालवते.

आता असे समजा, की एका हमालाला आपल्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायची आहे. मुलगी शाळेत जाते तेव्हा तो बाजारात असतो. काम संपवून, हातपाय धुऊन तो शाळेपाशी पोहोचतो, तेव्हा फाटकाला कुलूप असते. 'परवानगीशिवाय आत प्रवेश नाही', अशी पाटी लावलेली असते. पालकांनी भेटण्याची वेळ सकाळी अकरा ते बारा. त्या वेळी त्याच्या पाठीवर पोते असते. एक दिवस काम सोडले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. परवानगीसाठी अर्ज लिहावा, तर लिहिता येत नाही. रखवालदार म्हणतो, "उद्या या." उद्याही तेच होते. तिसऱ्या दिवशी तो येत नाही. मग शाळेत कोणीतरी म्हणते, "या पालकांना मुलांची काळजीच नाही!"

हा नियम कोणी वाईट हेतूने केलेला नाही. पण तो कोणाला जड जातो, ते पाहा. कचेरीत काम करणारा बाप रजा टाकून येऊ शकतो किंवा मुख्याध्यापकांना दूरध्वनी करू शकतो. हमाल, धुणीभांडी करणारी आई, हातगाडीवाला यांना ते साधत नाही. नियम सर्वांना सारखाच असतो, पण त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही.

मग असे नियम मुळात का झाले? त्याला कारणे आहेत आणि ती मोठी आहेत. जपानमधील ओसाका प्रांतात ८ जून २००१ रोजी एक माणूस इकेदा प्राथमिक शाळेत शिरला आणि त्याने आठ मुलांचा जीव घेतला. त्यानंतर जपानच्या अनेक शाळांनी आपली फाटके बंद ठेवण्यास सुरुवात केली. भारतातही शाळेची भिंत उंच असावी, दारावर रखवालदार असावा, येणाऱ्याची नोंद व्हावी, असा आग्रह वाढला. कधी आईबापांचे आपसांत भांडण असते आणि एकजण दुसऱ्याला न सांगता मूल घेऊन जाऊ पाहतो. कधी रागावलेला पालक थेट वर्गात घुसून शिक्षकांच्या अंगावर जातो. शेकडो मुले आणि मोजके शिक्षक असताना मुख्याध्यापकांनी फाटक उघडे कसे ठेवावे? त्यांची अडचण खरी आहे. ती नाकारून चालणार नाही.

परंतु शाळेतल्या मुलांवर येणारा धोका नेहमी फाटकातूनच येतो असे नाही. तो इमारतीतूनही येतो. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली. स्वयंपाकाच्या जागेतली आग गवताच्या छपराला लागली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. ९४ मुले मृत्युमुखी पडली. या घटनेनंतर एक खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. सुरक्षित शाळेत शिकायला मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने २००९ साली सांगितले. तेथे मुलांचा जीव कोणा परक्या माणसाने घेतला नव्हता. गवताचे छप्पर आणि अरुंद जिना ही रोज डोळ्यांसमोर असणारी गोष्ट होती. ज्याची मुले त्या छपराखाली बसतात, त्याला ते छप्पर पाहण्याचा आणि 'हे बदला' असे म्हणण्याचा अधिकार हवा.

कधी धोका शाळेच्या आतल्या माणसाकडूनही येतो. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये दोन अगदी लहान मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. ज्याला पोलिसांनी पकडले, तो भिंतीवरून उडी मारून आलेला चोर नव्हता. तो शाळेतच सफाईच्या कामावर होता. मराठीत एक म्हण आहे : कुंपणच शेत खाते. ज्याच्यावर राखणीचा भरवसा ठेवला, त्यानेच नुकसान केले, तर ही म्हण वापरतात. येथे तेच घडले. फाटकाचे कुलूप अशा धोक्यापुढे काय करणार? मुलींनी घरी सांगितले, घरच्यांनी त्यांचे ऐकले, म्हणून तो प्रकार बाहेर आला. तरीही तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाला. २० ऑगस्ट २०२४ रोजी संतापलेले लोक बदलापूरच्या रेल्वे स्थानकात रुळांवर उतरले. तक्रारीच्या विलंबाबद्दल पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने शाळांसाठी नियम अधिक कडक केले. शाळेत सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांच्या चारित्र्याची पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, अशी ही पावले आहेत. ती आवश्यकच आहेत. परंतु कॅमेरा बंद पडू शकतो. तक्रारपेटी न उघडता धूळ खात राहू शकते. कॅमेरा पाहतो, पण मुलाचा चेहरा का उतरला आहे, हे तो विचारत नाही. ते आई विचारते. म्हणून शाळेत अधूनमधून येणारे, इकडेतिकडे पाहणारे, प्रश्न विचारणारे पालक हीसुद्धा एक सुरक्षा व्यवस्थाच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. कॅमेरे वाढवायचे आणि पालकांची ये-जा मात्र बंद करायची, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

कायदाही पालकांच्या बाजूने आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यानुसार महानगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे आणि मिळालेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे, ही या समितीची कामे आहेत. याचा अर्थ असा, की कायद्याने पालकाला पाहुणा मानलेले नाही. त्याला शाळेच्या कारभारात वाटा दिला आहे. पण ज्याला फाटकातून आत जाताच येत नाही, तो कारभारावर लक्ष कसे ठेवणार? सही घेण्यापुरते पालकांना बोलावले, तर ती समिती कागदावरच राहते.

पुण्याला तर या बाबतीत जुना वारसा आहे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्या काळी मुलींना शाळेत पाठवण्यास लोक घाबरत. आईबापांच्या मनात विश्वास निर्माण केल्याशिवाय एकही मुलगी शाळेत आली नसती. त्यांच्या शाळांच्या परीक्षा लोकांसमोर होत आणि त्या पाहण्यासाठी मोठी गर्दी जमे. मुली काय शिकतात, ते लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. शाळेवरचा विश्वास असा वाढतो.

तर मग फाटकाचे काय करावे? याचे उत्तर मार्केट यार्डातच सापडते. बाजार समितीच्या फाटकावर येणाऱ्या मालाची नोंद होते. माल कोठून आला, कोणाकडे जायचा आहे, हे लिहून घेतात आणि गाडी आत सोडतात. हमालांना आणि तोलणारांना बाजार समितीचा परवाना असतो. त्यामुळे कोण आपले आणि कोण परके, हे कळते. फाटक आहे, नोंद आहे, ओळख आहे आणि तरीही काम अडत नाही. लाखो रुपयांचा माल ज्याच्या हाती बाजार विश्वासाने सोपवतो, त्या माणसाला त्याच्या मुलाच्या शाळेत ओळख मिळू नये, हे बरे नाही.

शाळेलाही असे करता येईल. प्रत्येक पालकाला छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यावे. फाटकावर वही ठेवून येण्याची व जाण्याची वेळ लिहावी. सही येत नसेल त्याचा अंगठा घ्यावा. पालकांनी थेट वर्गात न जाता आधी कार्यालयात जावे. भेटीच्या वेळा आठवड्यातून किमान दोन असाव्यात : एक सकाळी आणि एक दुपारनंतर, म्हणजे पहाटे कामाला जाणाऱ्यालाही येता येईल. मूल आजारी असेल किंवा काही गंभीर तक्रार असेल, तर वेळ न पाहता पालकाला आत घ्यावे. मुलाला कोण घरी नेणार, त्यांची नावे आधीच लिहून घ्यावीत. शाळेच्या सूचना पालकांना समजतील अशा भाषेत असाव्यात. उर्दू शाळेत त्या उर्दूत असाव्यात आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवाव्यात. व्यवस्थापन समितीतील पालकांची नावे फाटकाजवळच्या फलकावर लिहावीत, म्हणजे कोणाला भेटावे हे कळेल. यांतल्या कोणत्याही गोष्टीला फारसा खर्च येत नाही.

जपानचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. इकेदा शाळेतील घटनेनंतर तेथे फाटके बंद झाली, पण पालकांचा शाळेशी संबंध तुटला नाही. ठरलेल्या दिवशी आईबाप शाळेत येतात, वर्गाच्या मागे शांतपणे उभे राहून तास पाहतात आणि शिक्षकांशी बोलतात. कडक नियम आणि पालकांचा सहभाग या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. पालकांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. वहीत नाव लिहायला सांगितले, तर तो अपमान समजू नये. चालू तासात शिक्षकांना बोलावू नये. दुसऱ्याच्या मुलाला रागावू नये आणि मुलांची छायाचित्रे काढू नयेत. तक्रार असेल तर ती शांतपणे, पण न घाबरता मांडावी. ओळखपत्र घरी राहिले म्हणून थांबावे लागले, तर रखवालदाराशी वाद घालू नये. तो आपल्याच मुलांची राखण करत असतो.

आणि मित्रांनो, तुमचेही एक काम आहे. शाळा आणि घर यांच्यामधला पहिला दूत तुम्हीच आहात. पालकसभेची चिठ्ठी दप्तरात ठेवून विसरू नका. ती अम्मी-अब्बांना वाचून दाखवा. ती मराठीत असेल, तर तिचा अर्थ घरच्या भाषेत सांगा. मराठी शिकण्याचा हाही एक मोठा उपयोग आहे. शाळेत काही चुकीचे घडले, कोणी त्रास दिला, भीती दाखवली, तर ते मनात ठेवू नका. घरी सांगा, विश्वासाच्या शिक्षकांना सांगा. मदतीसाठी १०९८ हा मुलांचा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवा. आणि लहान भावंड काही सांगू लागले, तर "गप्प बस" म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

शाळा सरकारची असो की महानगरपालिकेची, ती लोकांच्या पैशांतून चालते आणि लोकांच्या मुलांसाठी चालते. तिचे फाटक मजबूत असावे, त्याला कुलूपही असावे. मात्र मुलांच्या आईबापांसाठी ते विचारपूस करून, नाव लिहून, सन्मानाने उघडले गेले पाहिजे.